बेरोजगारी ५.२ वरून ४.७ वर. म्हणजे नक्की काय झालं?

तळ्यातमळ्यात

नोव्हेंबर २०२५ चा पीएलएफएसचा (सरकारच्या श्रमबल पाहणीचा) आकडा आला. १५ वर्षं आणि त्यावरच्या वयात बेरोजगारी ४.७ टक्के. ऑक्टोबरला ५.२ होती, मे आणि जूनला ५.६. सरकार यंदाच्या एप्रिलपासून दर महिन्याला आकडा देऊ लागलं, तेव्हापासूनचा हा सगळ्यात खालचा.

ऑफिसच्या ग्रुपवर एकाने लगेच तिरंगा आणि टाळ्या टाकल्या. दुसऱ्याने "सगळं थापाथापी" असं लिहिलं. ॲडमिनने "राजकीय नको" म्हणत दोघांनाही गप्प केलं. म्हणून इथे आलो.

मला पडलेला प्रश्न असा. मेमध्ये दर अर्ध्या टक्क्याने चढला तेव्हा तेवढ्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या का? आता उतरला म्हणजे त्या परत मिळाल्या का? आमच्या गल्लीत तर मे ते नोव्हेंबर काहीच बदललेलं दिसलं नाही. ज्यांना नोकरी होती त्यांना आहे, ज्यांना नव्हती ते अजून चहाच्या टपरीवर उभे आहेत.

जाणकारांनी लिहावं. राजकारण नको, ही विनंती.

तिरकस

"राजकारण नको" लिहिलेला धागा हमखास शंभरी गाठतो. खुर्ची टाकून बसलोय.

आकडेमोड

@तळ्यातमळ्यात, प्रश्न चांगला आहे, पण तुम्ही तीनपैकी चुकीच्या आकड्याकडे बघताय. पत्रकात तीन दर असतात. श्रमबलात किती लोक आहेत (म्हणजे काम करणारे अधिक काम हवं असणारे), प्रत्यक्ष काम किती जण करतात, आणि श्रमबलातले किती बेकार. बातमीत येतो फक्त तिसरा.

आता १५ वर्षांवरची हजार माणसं घ्या. एप्रिलमध्ये श्रमबल ५५.६ टक्के, कामावर ५२.८ टक्के. म्हणजे हजारातले ५५६ श्रमबलात, ५२८ कामावर, २८ बेकार. जूनमध्ये श्रमबल ५४.२, कामावर ५१.२. म्हणजे ५४२ श्रमबलात, ५१२ कामावर, ३० बेकार.

कामावरचे १६ कमी झाले आणि बेकार वाढले फक्त २. उरलेले १४ गेले कुठे? श्रमबलाच्याच बाहेर. त्यांनी "काम शोधत नाही, करायला मोकळाही नाही" असं सांगितलं, की ते बेरोजगारीच्या दरात अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत. (हा निव्वळ फरक आहे. आत-बाहेर करणारी माणसं याहून कितीतरी जास्त असतील.)

आता नोव्हेंबर. श्रमबल ५५.८, कामावर ५३.२. जूनपेक्षा कामावरचे २० वाढले, बेकार ३० वरून २६ वर आले, म्हणजे ४ कमी. तेव्हा खरी हालचाल २० ची आहे आणि पेपरात छापून आली ४ ची. वर जातानाही तेच, खाली येतानाही तेच. बेरोजगारीचा दर आपल्याकडे बदलाचा छोटासा तुकडाच दाखवतो.

गोदाकाठ

वरच्या १४ आणि २० माणसांचा पत्ता मी देतो. माजलगाव, धारूर, पाटोदा, शिरूर कासार, केज. सगळं बीड जिल्ह्यातलं.

मे-जूनमध्ये आमच्याकडे काय असतं? काही नसतं. रब्बी निघून गेलेली, साखर कारखान्यावरून माणसं परत आलेली, नांगरटी झालेली, पाऊस नाही. बाया घरी. विचारलं तर सांगणार, "घरीच असते." नोव्हेंबरात मुकादमाची उचल घेतलेला प्रत्येक कोयता ऊसतोडीला निघतो. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरी जोडीची मोजतात.) जे मागे राहतात ते कापसाच्या वेचणीला. वेचणी किलोवर, आणि त्यात बायाच जास्त. तेव्हा नोव्हेंबरात घरी बसलेलं माणूस सापडणं अवघड.

अर्थव्यवस्था सुधारली म्हणून हे झालं नाही. कार्तिक आला म्हणून झालं. दरवर्षी होतं.

लेथवाला

मी चाकणला छोटं वर्कशॉप चालवतो. मला तर ४.७ सुद्धा जास्त वाटतो. सहा महिने दोन सीएनसी ऑपरेटर शोधतोय. आयटीआयची पोरं येतात, दिवाळीला गावाला जातात, परत येत नाहीत. फोन केला तर "एमपीएससी करतोय" किंवा "डिलिव्हरीला लागलो". बेकारी असती तर दारात रांग लागली असती.

शेवंता

@लेथवाला, पगार किती देता?

तिरकस

शेवंताताईंनी तीन शब्दांत धाग्याचा निकाल लावला. आता माझा प्रश्न. सीएमआयई या खासगी संस्थेचे आकडे नेहमी सरकारपेक्षा जास्त कसे असतात? जून २०२४ मध्ये त्यांचा दर ९.२ होता. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय ना?

आकडेमोड

@तिरकस, दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण दोघं वेगळं विचारतात. सरकारच्या महिन्याच्या आकड्यात गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं असेल तरी माणूस कामावर. सीएमआयई विचारते त्या दिवसाचं. सोमवारी दोन तास हमाली केली आणि गुरुवारी नाक्यावरून रिकाम्या हाताने परतला, तो सरकारच्या लेखी कामावर, आणि सीएमआयईचा माणूस गुरुवारी घरी आला तर तिथे बहुधा बेकार.

पण सीएमआयईवरही आंधळा विश्वास नको. त्यांच्या पाहणीत कामाच्या जगात असलेल्या बायकांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास निघतं, सरकारच्या पाहणीत नोव्हेंबरला ३५ च्या आसपास. दहा टक्के बायकाच कामात आहेत हे ज्याने खेडं पाहिलंय तो मानणार नाही.

झोळीतला_टॅब

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, कारण हा विषय माझ्या पोटापाण्याचा होता. विदर्भात कंत्राटावर पाहणीचं काम केलंय. दारावर काय होतं ते सांगतो.

घरात जो भेटेल तो सगळ्यांची उत्तरं देतो. बहुतेक वेळा सासरे, नाहीतर मोठा मुलगा. "सूनबाई काय करतात?" "काही नाही, घरीच." इथेच थांबलं तर सूनबाई श्रमबलाच्या बाहेर. मग खोदून विचारायचं. शेतावर जातात का? म्हशीचं कोण बघतं? दूध डेअरीला जातं का? दुकानात बसतात का? तेव्हा सासरे म्हणतात, "ते तर करतेच की." लागलीच ती "घरच्या उद्योगातली मदतनीस, बिनपगारी" अशी नोंदली जाते. बाई तीच, म्हैस तीच. दोन मिनिटं जास्त विचारलं की देशातला रोजगार एकाने वाढतो.

मी खोटं लिहिलं नाही, माझ्या ओळखीतल्या कोणी लिहिलं नाही. पण उन्हात सातवं घर असलं की किती खोदायचं याला माणसाची मर्यादा असते. आणि ज्या घराला कुलूप, तिथून उत्तरच नाही.

यंदा जानेवारीपासून पद्धत बदलली. निवडलेल्या घरी सलग चार महिने चार वेळा जायचं. त्याआधी ग्रामीण भागात एकदाच जायचे. दर महिन्याला देशभरात जवळपास ८९ हजार घरं आणि ३ लाख ८० हजार माणसं. नमुना लहान म्हणून आकडा बोगस, असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. देशाच्या एका आकड्यासाठी हे भरपूर झालं. महाराष्ट्राचा महिन्याचा दर मात्र या पत्रकात शोधू नका, तो नसतोच. ज्या पोस्टमध्ये "महाराष्ट्रात या महिन्यात इतके टक्के" असं लिहिलेलं असतं ती कुठून आली ते आधी विचारा.

शेवंता

@झोळीतला_टॅब, तुमच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

मला वाटतं सगळ्या वादाचं मूळ तुमच्या त्या म्हशीपाशी आहे. २०१७-१८ मध्ये वार्षिक अहवालात १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमबलातला सहभाग २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. सहा वर्षांत एवढी झेप जगात क्वचितच कुठे दिसते. कारखाने उघडले का? ऑफिसं भरली का? त्याच काळात स्वयंरोजगारातल्या लोकांचं प्रमाण एकूण कामकऱ्यांत ५२.२ वरून ५८.४ झालं, नियमित पगारदारांचं २२.८ वरून २१.७ वर घसरलं. शेतीतला वाटा ४४.१ वरून ४६.१ वर चढला. माणसं शेतीतून कारखान्यात जातात हे शाळेत शिकलो होतो. इथे उलटं चाललंय.

काही जणी गॅस आला, नळ आला, वेळ मिळाला म्हणून कामाला लागल्या असतील. काहींना कर्जाचा हप्ता भरायचाय म्हणून लागावं लागलं असेल. बचत गटाचं कर्ज आणि शिलाई मशीन या दोन्ही कारणांनी येतं. दर दोघींना एकच समजतो.

तळ्यातमळ्यात

म्हणजे सहभाग वाढला हे चांगलं की वाईट?

शेवंता

ज्या बाईच्या हातात पैसे येतात तिच्यासाठी चांगलं. २०२३-२४ मध्ये एकूण कामकऱ्यांपैकी १९.४ टक्के घरच्या उद्योगातले बिनपगारी मदतनीस होते. त्यांच्या हातात काय येतं ते मला सांगा, मग मी चांगलं की वाईट ते सांगते.

न्यूजर्सीकर

इकडची, अमेरिकेतली गोष्ट सांगतो, तुलना म्हणून नाही, पण महिन्याच्या आकड्याचं किती मोठं प्रकरण होऊ शकतं ते कळेल. १ ऑगस्टला जुलैचे रोजगाराचे आकडे आले. नवे रोजगार फक्त ७३ हजार, आणि त्याच पत्रकात मे आणि जूनचे आधी जाहीर केलेले मिळून २ लाख ५८ हजार रोजगार पुनर्पडताळणीत उडाले. ट्रम्प यांनी त्याच दिवशी ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या आयुक्त एरिका मॅकएंटार्फर यांना काढून टाकलं. आरोप आकड्यांत फेरफार केल्याचा, पुरावा काही दिला नाही. असे बदल दर महिन्याला होतात, कारण कंपन्यांची उत्तरं उशिरा येतात.

गंमत म्हणजे बेरोजगारीचा दर तेव्हा ४.२ टक्के होता, म्हणजे इकडच्या मापाने उत्तम. नवीन नोकऱ्या आटल्या तरी दर हलला नाही, कारण बाहेरून येणारी माणसंही आटली होती. मागणारे कमी, देणारेही कमी, दर जागच्या जागी. आमच्या कंपनीत भरती बंद आहे, कुणाला काढलेलं नाही. नुकती पदवी घेतलेल्या आमच्या पुतण्याला विचारा ४.२ म्हणजे काय.

आणि ऑक्टोबरमध्ये सरकारच बंद पडल्यामुळे घरोघरची पाहणी झालीच नाही. १९४८ पासूनच्या मालिकेत पहिल्यांदा एक महिना कोरा आहे.

सदाशिवपेठी

कुणीतरी हे सांगा. माझा रूममेट २९ वर्षांचा आहे. बीई मेकॅनिकल, राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिली. सकाळी सातला अभ्यासिका, रात्री अकराला खोलीवर. घरून पैसे येतात. तो बेकार आहे का?

झोळीतला_टॅब

@सदाशिवपेठी, त्याने काय उत्तर दिलं त्यावर. "गेल्या आठवड्यात काम मिळालं असतं तर केलं असतं का?" याला "हो" म्हणाला तर बेकार. "नाही, अभ्यास आहे" म्हणाला तर श्रमबलाबाहेर. आणि शनिवारी क्लासमध्ये पेपर तपासून दोन तासांचे पैसे घेतले असतील तर कामावर. एकाच पोराच्या तीन जागा.

सदाशिवपेठी

पेपर तपासतो तो. म्हणजे देशाने त्याला रोजगार दिला म्हणायचं. ठीक.

जुना_हिशेब

ही चर्चा पंचावन्न वर्षांपूर्वी होऊन गेली आहे, हे कुणालातरी सांगायला हवं. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली बेरोजगारीच्या अंदाजांसाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७० चा. समितीचं म्हणणं साधारण असं, की जिथे बहुतेक लोक घरच्याच शेतीत, घरच्याच धंद्यात आहेत तिथे पगारदार देशांसारखा बेरोजगारीचा एकच आकडा काढून काही हाती लागत नाही. मग १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून वर्षाची, आठवड्याची आणि दिवसाची अशी वेगवेगळी मोजणी सुरू झाली. आज महिन्याला जो दर येतो तो आठवड्याच्या मोजणीचा. वार्षिक बातमीत येतो तो बहुधा वर्षाच्या मोजणीचा. २०२३-२४ साठी एक ४.९ आणि दुसरा ३.२. टीव्हीवर एकाने पहिला धरायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि तासभर भांडायचं.

त्याच १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने दुसरा मार्ग काढला. वि. स. पागे यांची रोजगार हमी. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिथे बेकार कोण हे कुणी ठरवत बसायचं नव्हतं. ज्याला काम हवं तो खडी फोडायला येईल. हजेरीपटावर जितकी नावं तितकी गरज. उन्हात खडी फोडायला हौसेने कुणी येत नाही, म्हणून तो हजेरीपट मला आजही कुठल्याही पाहणीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. करोनाच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, मनरेगावर साडेसात कोटी कुटुंबांनी काम केलं.

आणि आता खरी मजा. त्याच २०२०-२१ च्या अहवालात वार्षिक बेरोजगारीचा दर किती? ४.२ टक्के. आदल्या वर्षी ४.८. करोनात बेरोजगारी घटली! टाळेबंदीच्या तिमाहीत, एप्रिल ते जून २०२०, शहरांचा आठवड्याच्या मोजणीचा दर २०.८ वर गेला होता. पण माणसं चालत गावी गेली, भावाच्या दोन एकरात हात लावला आणि "शेती" या रकान्यात रोजगारात आली. शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ होता, २०२०-२१ मध्ये ४६.५ झाला. शेवंताताई उलट्या प्रवासाबद्दल म्हणाल्या तो इथून सुरू झाला आणि २०२३-२४ पर्यंत फिरलेला नव्हता.

गोदाकाठ

जुना_हिशेब यांना दंडवत. भावाच्या दोन एकरात हात लावणं हे वाक्य आमच्या गावातल्या निम्म्या घरांना लागू आहे. दोन एकराला दोन माणसं पुरतात. सहा जण राबतात. चार उठून गेले तरी कापूस तेवढाच येईल.

आकडेमोड

म्हणूनच निरक्षरांमध्ये बेरोजगारी जवळपास शून्य निघते आणि १५ ते २९ वयोगटात १०.२ टक्के (२०२३-२४), पदवीधरांत तर नेहमीच सरासरीच्या कितीतरी वर. बेकार राहायला ऐपत लागते. बापाची पेन्शन, आईचं सोनं किंवा गावाकडून येणारे पैसे. आपल्याकडे बेकारभत्ता जवळपास नाहीच. ज्याच्यामागे काही नाही तो मिळेल ते करतो आणि आकडेवारीत रोजगार मिळालेला ठरतो.

पण "मग हे सगळं कचऱ्यात टाका" याला माझा विरोध आहे. ग्रामीण भागाचं चित्र आधी वर्षातून एकदा, तेही उशिरा यायचं. २०१७-१८ चा अहवाल आठवतो ना? ६.१ टक्के, ४५ वर्षांतला उच्चांक. तो अडकून पडला, जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, आकडा फुटला आणि निवडणूक उरकल्यावर ३१ मे रोजी अधिकृतपणे आला. आता तारीख ठरलेली आहे, महिन्याच्या १५ तारखेच्या सुमाराला पत्रक येतं. ठरलेल्या तारखेचा आकडा दाबून ठेवणं अवघड जातं, आणि हे मला त्यातल्या दशांशापेक्षा मोलाचं वाटतं.

तिरकस

राजकारण नको म्हटलं होतं. असो. यावर मात्र +१, हे मी वर्षातून एकदाच देतो.

लेथवाला

शेवंताताई, उत्तर टाळलं नव्हतं, मशीन बंद पडलं होतं. हातात १६ हजार, ओव्हरटाइम धरून २० पर्यंत. आठ तासांची शिफ्ट कागदावर, प्रत्यक्षात दहा-बारा. खोलीभाडं चौघांत वाटलं तरी अडीच हजार. कमी आहे, मला कळतं. पण ज्या कंपनीला मी पार्ट पुरवतो ती दरवर्षी भाव कमी करून मागते. मी २५ दिले तर पुढच्या वर्षी शटर खाली. तुमच्या त्या तीन दरांत हे कुठे बसतं?

शेवंता

कुठेच बसत नाही. तुमच्याकडे काम करणारा आणि पुण्यात दीड लाख घेणारा, दोघंही कामावरच. पगाराचे आकडे वार्षिक अहवालात असतात, बातमीत येत नाहीत. प्रामाणिक उत्तराबद्दल आभार, मी चिडवायला विचारलं नव्हतं.

सदाशिवपेठी

@लेथवाला, बीई चालेल का? रूममेट विचारतोय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

लेथवाला

बीई नको, टिकत नाही. बरं, व्यनि करतो. ड्रॉइंग वाचता येतं का एवढं विचारा.

तळ्यातमळ्यात

सर्वांचे आभार. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं कळलं: मे ते नोव्हेंबर हा बराचसा हंगामाचा झोका आहे आणि गल्लीत काही बदलल्याचं दिसलं नाही ते योग्यच. मग सुधारणा झाली की नाही हे कधी कळेल?

आकडेमोड

बराचसा हंगाम, हो. पण सगळा हंगामच आहे असंही आज ठामपणे म्हणता येणार नाही. हंगामाचा परिणाम वजा करायला काही वर्षांची मालिका लागते, आपल्याकडे आठ महिने आहेत. नोव्हेंबरची तुलना नोव्हेंबरशीच व्हायला हवी आणि या मालिकेत मागचा नोव्हेंबर नाहीच. एप्रिलची एप्रिलशी पहिली तुलना मे २०२६ मध्ये येणाऱ्या पत्रकात करता येईल. त्या दिवशी बेरोजगारीचा दर बघू नका. पहिलं पान सोडा, कामावरच्यांचं प्रमाण ५२.८ च्या वर आहे का बघा, आणि त्यातही ग्रामीण बायकांचं वेगळं काढा. मग तिमाही अहवालात नियमित पगारदारांचा वाटा. तो एक टक्क्याने जरी वर सरकलेला दिसला तरी मी इथे येऊन पेढे वाटीन.

गोदाकाठ

मेमध्ये आम्ही घरीच असतो. पेढे पोस्टाने पाठवा.